घटसर्प, डांग्या खोकला, मेंदूज्वर: केस सापडली की सरकारी टीम घरी का येते? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी एका सरकारी मेडिकल कॉलेजच्या लॅबमध्ये काम करते, म्हणजे तुमच्या मुलाच्या घशातला स्वॅब किंवा मणक्यातलं पाणी जिथे येतं तिथे. पालक लॅबच्या खिडकीशी येऊन जे विचारतात, आशाताई फोन करून जे विचारतात, नवीन लागलेले डॉक्टर जे विचारायला लाजतात, ते सगळं इथे एकत्र केलंय. क्रम वगैरे काही नाही, जसं सुचलं तसं.

हे "सर्व्हेलन्स" म्हणजे नक्की काय? माझ्या मुलाला त्याचा काय उपयोग?

खरं सांगायचं तर तुमच्या मुलाला थेट उपयोग थोडाच, त्याच्यावर उपचार त्याचा डॉक्टर करतोय आणि तो आमच्या रिपोर्टची वाट बघत बसत नाही (बसूही नये). उपयोग होतो तो शेजारच्या घरातल्या सहा महिन्यांच्या बाळाला, तुमच्याच धाकट्याला, आणि पुढच्या वर्षी त्या वस्तीत जन्मणाऱ्या मुलांना. संशयित केस दिसली की कळवायची, सॅम्पल घ्यायचं, आजूबाजूला अजून कुणी आजारी आहे का बघायचं, कुणाची लस राहिलीय ते शोधायचं आणि हे सगळं एका ठिकाणी लिहून ठेवायचं. एवढंच. ऐकायला सोपं वाटतं पण यातली एक कडी जरी तुटली ना, तरी कागदावर आजार "नाही" असं दिसतं आणि मुलं मात्र आजारी पडत राहतात.

आपल्याकडे याचा सांगाडा पोलिओमुळे उभा राहिला. १९९७ मध्ये पोलिओच्या पाळतीसाठी जाळं तयार झालं, हात-पाय लुळे पडलेलं प्रत्येक मूल शोधायचं आणि त्याची शी तपासायला पाठवायची. देशातली शेवटची नैसर्गिक पोलिओ केस जानेवारी २०११ ची, पश्चिम बंगालमध्ये हावड्याची. त्यानंतर त्याच जाळ्यातून गोवर-रुबेला, घटसर्प, डांग्या खोकला आणि नवजात बाळाचा धनुर्वात यांच्यावरही लक्ष ठेवायला सुरुवात झाली. तुमच्या दारात जे डॉक्टर येतात, ज्यांना सगळे "एसएमओ साहेब" (सर्व्हेलन्स मेडिकल ऑफिसर) म्हणतात, ते बहुतेक याच यंत्रणेतले.

कोणकोणते आजार यात येतात?

मी फक्त जिवाणूंचं बोलतेय, गोवर-पोलिओ व्हायरसचे, ते वेगळं प्रकरण. घटसर्प, डांग्या खोकला, नवजात धनुर्वात हे तीन सरळ केस-टू-केस कळवायचे, म्हणजे एकेका मुलाचा वेगळा फॉर्म भरायचा. हिब आणि न्यूमोकोकस हे दोन जिवाणू मेंदूज्वर, न्यूमोनिया असल्या आजारांमागे असतात, पण नुसतं बघून कळत नाही की कोणता जिवाणू आहे, म्हणून त्यांची पाळत ठराविक मोठ्या हॉस्पिटलांमधून होते. टायफॉइडचं अजून तिसरंच. टीबीसाठी वेगळा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, त्यात मी इथे शिरत नाही.

मुलाच्या घशात नुसतं पांढरं दिसलं तर डॉक्टरांनी लगेच वर कळवलं. इतकी घाई कशाला? आधी रिपोर्ट तर येऊ द्या.

नाही, इथे संशयावरच कळवायचं असतं. घटसर्पाची व्याख्या बघा: घसा, टॉन्सिल, नाक किंवा स्वरयंत्राला सूज आणि त्यावर राखाडी-पांढरा पडदा, जो चिकटून बसलेला असतो, काढायला गेलं तर रक्त येतं. हे दिसलं की झाली संशयित केस. कधीकधी मान इतकी सुजते की हनुवटीखाली सगळं एकसारखं दिसतं, ते बघितलेला डॉक्टर आयुष्यभर विसरत नाही.

पडदा श्वास अडवतो हे तर आहेच, पण खरा धोका जिवाणूच्या विषाचा. ते रक्तातून हृदयाला आणि नसांना जातं. एकदा विष पेशीत शिरलं की अँटिटॉक्सिन (त्या विषावरचा उतारा) त्याचं काही करू शकत नाही, म्हणून ते पहिल्या दिवसांतच द्यायला लागतं. ही अँटिटॉक्सिन घोड्याच्या रक्तातून बनते, सगळ्या मेडिकलमध्ये मिळत नाही, मागवायला लागते. सप्टेंबर २०१८ मध्ये दिल्लीत घटसर्पाने बरीच मुलं गेली तेव्हा अँटिटॉक्सिनचा तुटवडा हाच बातम्यांचा विषय होता. आता सांगा, रिपोर्ट येईपर्यंत थांबून मग कळवलं तर औषध कधी पोचणार? कळवण्याचा एक अगदी रोकडा फायदा हाच, की वरची माणसं अँटिटॉक्सिन शोधायला लागतात.

स्वॅबचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. म्हणजे अँटिटॉक्सिन उगाच टोचलं?

असं म्हणता येत नाही. गावातल्या डॉक्टरांनी आधीच अँटिबायोटिक दिलं असेल तर जिवाणू वाढत नाही. स्वॅब पडद्याच्या कडेखालून घ्यायचा असतो, तो वरवर फिरवला असेल तरी सापडत नाही. बर्फाच्या डब्यात पाठवायचा तो कुठल्यातरी टेबलावर दोन दिवस पडला असेल, होतं असं. जिवाणू सापडला तरी तो विष बनवणारा आहे का ते पुढच्या टेस्टमध्ये बघावं लागतं. म्हणून निगेटिव्ह आल्यावर केस आपोआप खोडली जात नाही. लक्षणं जुळतात का, एखाद्या पक्क्या केसशी संबंध होता का, हे सगळं बघून शेवटी ठरवतात की ही लॅबने पक्की, ही संबंधावरून पक्की, ही लक्षणांवरून धरलेली आणि ही बाद.

आणि बाद झालेली केस म्हणजे वाया गेलेली मेहनत असं जे समजतात त्यांना पोलिओचं उदाहरण देते. तिथे नियमच होता की पोलिओ नसलेली लुळेपणाची मुलंसुद्धा १५ वर्षांखालच्या दर १ लाखामागे किमान इतकी सापडलीच पाहिजेत, भारताने ते प्रमाण २ धरलं होतं. जिल्ह्यात तेवढी सापडली नाहीत तर अर्थ असा की तिथे कुणी बघतच नाहीये. मला तर ज्या तालुक्यातून वर्षभर एकही स्वॅब येत नाही त्याची जास्त काळजी वाटते.

आजारी एकटा मुलगा, मग घरातल्या सगळ्यांना गोळ्या का? आजीला पण?

हो, आजीला पण. घशात जिवाणू घेऊन फिरणारा माणूस स्वतः ठणठणीत असू शकतो. त्यामुळे जवळच्या सगळ्यांना अँटिबायोटिक, १० दिवस लक्ष, ज्यांची लस अपुरी त्यांना डोस. कोर्स अर्धवट सोडू नका, दोन दिवस घेऊन "आम्हाला काही झालेलं नाही" म्हणून बंद करतात लोक. पेशंटला वेगळं ठेवतात ते अँटिबायोटिक संपल्यावर २४ तासांच्या अंतराने घेतलेले दोन स्वॅब निगेटिव्ह येईपर्यंत. आणखी एक, घटसर्प होऊन बरं झालं म्हणजे आता लस नको असं नसतं, त्या आजारातून पक्की प्रतिकारशक्ती येतेच असं नाही, बरं झाल्यावर लस पूर्ण करायचीच.

खोकला तर सगळ्याच मुलांना असतो. डांग्या खोकल्याचा संशय कधी घ्यायचा?

दोन आठवडे किंवा जास्त खोकला, आणि त्यासोबत उबळीवर उबळ, उबळ संपताना श्वास आत ओढल्याचा लांब "हूप" आवाज, किंवा खोकून खोकून उलटी. पण तान्ह्या बाळाला दोन आठवड्यांची अट नाही आणि हे नीट लक्षात ठेवा कारण मरतात ती हीच बाळं, बहुतेक सहा महिन्यांच्या आतली. त्यांना "हूप" ऐकू येईलच असं नाही, खोकलाही जेमतेम असतो, ती सरळ श्वास घ्यायची थांबतात, निळी पडतात. आई सांगते "बाळ मधेच काळंनिळं होतं आणि मग ठीक होतं", तेव्हा ते वाक्य हलक्यात घेऊ नये.

सॅम्पल नाकातून घशाच्या मागपर्यंत जाणाऱ्या बारीक स्वॅबने, पहिल्या तीन-चार आठवड्यांत. साध्या कापसाचा स्वॅब चालत नाही, त्यातले घटक या जिवाणूला मारतात. उशीर झाला तर रक्तातली अँटिबॉडी बघायची, पण मुलाला वर्षभरात लस दिलेली असेल तर त्या टेस्टचा अर्थ लावता येत नाही, लसीची अँटिबॉडी आणि आजाराची अँटिबॉडी वेगळी काढता येत नाही. म्हणजे दीड वर्षाचा बूस्टर नुकताच झालाय आणि खोकला महिन्याभराचा आहे, असं मूल आलं की आम्ही लॅबवाले हात वर करतो. लवकर या, एवढंच.

आणि हो, घरात ज्या मोठ्या माणसाला "जुना खोकला" आहे ना, तिथून बाळाला मिळतो हा आजार, हे फार वेळा होतं.

मणक्यातलं पाणी काढलं की मूल लुळं पडतं, खरं का?

खोटं. पण ही भीती इतकी पक्की बसलीय की आई तयार झाली तरी गावाकडून कुणाचातरी फोन येतो आणि नातेवाईक सहीला नकार देतात. सुई कंबरेच्या खालच्या भागात जाते, जिथे मुख्य मज्जारज्जू संपलेला असतो. ज्या मुलांना नंतर अपंगत्व आलं किंवा कानाने ऐकू येईनासं झालं त्यांना ते मेंदूज्वराने आलं, सुईने नाही. दुर्दैवाने सुई आधी दिसते आणि बहिरेपण नंतर लक्षात येतं, मग लोक जोडी लावतात.

ते पाणी आम्हाला काय सांगतं? पहिल्यांदा दिसतं कसं: नितळ का गढूळ. मग पेशी, प्रोटीन, साखर. गढूळ असेल किंवा एका घनमिलिमीटरमध्ये १०० पेक्षा जास्त पांढऱ्या पेशी असतील तर जिवाणूंचा मेंदूज्वर असण्याची दाट शक्यता, तसंच १० ते १०० पेशी आणि सोबत प्रोटीन १०० च्या वर किंवा साखर ४० च्या खाली असेल तर. मग जिवाणू कोणता त्याचा शोध. हिब का न्यूमोकोकस का मेनिंगोकोकस, कारण यातल्या दोघांवर आपल्या सरकारी वेळापत्रकात लस आहे, आणि लस दिलेल्या मुलांमध्ये तोच जिवाणू सापडायला लागला तर ती गोष्ट लवकर कळायला हवी.

इथे वॉर्डातल्या मंडळींना हात जोडून एक विनंती: हे पाणी फ्रिजमध्ये ठेवू नका!! घटसर्पाचा स्वॅब थंड डब्यात जातो म्हणून हेही थंड ठेवतात, सद्हेतूने ठेवतात, पण हे जिवाणू थंडीत मरतात. पाणी तासाभरात लॅबला, खोलीच्या तापमानाला. ब्लड कल्चरची (रक्तातला जिवाणू वाढवून बघायची) बाटलीही फ्रिजमध्ये नाही. शक्य असेल तर अँटिबायोटिकचा पहिला डोस द्यायच्या आधी सॅम्पल घ्या, कारण डोस गेल्यावर काही तासांत पाण्यातून जिवाणू नाहीसे होतात. मात्र मूल फार सिरीयस असेल आणि सुई मारायला वेळ लागणार असेल तर अँटिबायोटिक द्या, आमच्यासाठी थांबू नका, पीसीआर आणि अँटिजेनच्या टेस्टमध्ये मेलेला जिवाणूसुद्धा सापडू शकतो.

लॅबमध्ये इतके दिवस काय करता?

हा प्रश्न आवडतो मला. न्यूमोकोकस आणि हिब दोघेही नखरेल. हिबला वाढायला रक्तातले दोन खास घटक लागतात जे लाल पेशी फुटल्यावरच बाहेर येतात, म्हणून रक्त गरम करून प्लेट बनवतात, ती तपकिरी होते आणि तिचं नाव पडलं चॉकलेट अगर. (दर वर्षी एखादा नवा विद्यार्थी विचारतोच, यात चॉकलेट असतं का.) न्यूमोकोकससाठी मेंढीच्या रक्ताची प्लेट लागते. मेंढीचं रक्त मिळवणं कटकटीचं, म्हणून कितीतरी ठिकाणी ब्लड बँकेतलं मुदत संपलेलं माणसाचं रक्त वापरलं जायचं. त्यात अँटिबॉडी असतात, साठवणीचं औषध असतं, कधी अँटिबायोटिक असतं, मग न्यूमोकोकस वाढणार कसा? आणि मग कागदावर काय येतं, "नो ग्रोथ". वर्षानुवर्षं असे नो ग्रोथ आले की कुणीतरी निष्कर्ष काढतं, आपल्याकडे न्यूमोकोकस फारसा नाहीच. म्हणून मी आकड्यांआधी विचारते की प्लेट कशाची होती.

देशात यासाठी २०१२ पासून ठराविक हॉस्पिटलांचं जाळं केलं गेलं, चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोग संस्थेच्या समन्वयाने, पाच वर्षांखालच्या मुलांतल्या मेंदूज्वरासाठी. सगळीकडे एकच पद्धत, एकच व्याख्या, सॅम्पल मोठ्या लॅबला. जे पक्के सापडले त्यात न्यूमोकोकस सगळ्यात जास्त होता, हिब त्याच्या खाली.

मग न्यूमोनियाची मोजणी कशी करता?

अवघड आहे. न्यूमोनिया झालेल्या मुलांच्या रक्तात जिवाणू फार थोड्यांनाच सापडतो. फुप्फुसातून सॅम्पल काढत नाही कुणी. नाकातून स्वॅब घ्यावा तर निरोगी मुलांच्या नाकातही न्यूमोकोकस आरामात राहत असतो, सापडला म्हणजे त्यानेच न्यूमोनिया केला असं नाही. मग छातीच्या एक्स-रेची ठरलेली वाचनपद्धत वापरून अंदाज बांधतात. त्यामुळे मेंदूज्वराचे आकडे लहान पण पक्के, न्यूमोनियाचे मोठे पण धूसर.

न्यूमोकोकसवरची पीसीव्ही लस आपल्या सरकारी कार्यक्रमात २०१७ ला हिमाचल प्रदेशात आणि बिहार, उत्तर प्रदेशच्या काही जिल्ह्यांत सुरू झाली, २०२१ मध्ये महाराष्ट्रासकट देशभर. दीड महिना, साडेतीन महिने आणि नवव्या महिन्याला बूस्टर. त्याआधी खासगीत एकेक डोस काही हजारांना होता, मध्यमवर्गीय घरंसुद्धा विचार करायची. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची न्यूमोसिल डिसेंबर २०२० मध्ये आली, १० प्रकारांवरची. आणि इथेच पाळतीची खरी गरज सुरू होते, कारण न्यूमोकोकसचे जवळजवळ १०० प्रकार आहेत. लस १० किंवा १३ किंवा अजून काहींवर. जे प्रकार लसीने हटवले त्यांच्या जागी दुसरे येतात का, हे दुसऱ्या देशांत झालेलं आहे, आपल्याकडे किती होतंय ते मुलांच्या सॅम्पलमधला प्रकार ओळखल्याशिवाय कळणार नाही. पुढची लस कोणत्या प्रकारांची हवी हे त्यावरच ठरतं. म्हणजे तुम्ही मणक्याच्या पाण्यासाठी जी सही केली ती तिथपर्यंत पोचते.

आमच्या वस्तीत आजारी पडलेल्यांत निम्म्या मुलांनी लस घेतलेली होती. मग लस काय कामाची?

हा हिशोब एकदा कागदावर करून बघा. समजा वस्तीत १००० मुलं. ९५० ना लस, ५० ना नाही. साथ आली. लस नसलेल्या ५० पैकी २० आजारी पडली. लस घेतलेल्या ९५० पैकी १९. एकूण ३९, त्यातली जवळजवळ निम्मी लसवाली! बातमी तयार. पण लस नसलेल्यांत १०० मागे ४० आजारी आणि लसवाल्यांत १०० मागे २. फरक वीस पटींचा. आणि जसजशी जास्त मुलांना लस मिळत जाते तसतसं आजारी पडणाऱ्यांत लसवाल्यांचं प्रमाण वाढतच जातं, सगळ्या १००० मुलांना लस दिली तर जी काही थोडी आजारी पडतील ती १०० टक्के लसवालीच असणार ना, दुसरं कोण उरलंय. म्हणून फॉर्मवर लसीच्या तारखा विचारतात आणि आसपासच्या निरोगी मुलांचीही कार्डं बघतात. टीम तुमच्याकडे आल्यावर "आमचं मूल आजारी नाही" म्हणून दार लावू नका, निरोगी मुलांशिवाय हा हिशोब होतच नाही.

केसेस वाढल्या अशी बातमी आली की काय समजायचं?

दोन शक्यता. आजार खरंच वाढला किंवा शोधणं वाढलं. एका जिल्ह्यात नवीन पीसीआर मशीन आलं की डांग्या खोकला "वाढतो".

खरी वाढ कशी दिसते त्याचा इतिहास आहे. जपानमध्ये १९७५ च्या सुमारास त्रिगुणी लसीनंतर दोन मुलं दगावल्यावर लस थांबली, लोकांचा विश्वास उडाला, आणि १९७९ मध्ये डांग्या खोकल्याच्या १३,००० वर केसेस आणि ४१ मृत्यू. सोव्हिएत संघ फुटल्यावर १९९० च्या दशकात तिथल्या देशांमध्ये घटसर्पाची साथ आली, दीड लाखाच्या वर रुग्ण, साधारण ५,००० मृत्यू, आणि त्यात मोठी माणसंही भरपूर. आपल्याकडे २०१६ मध्ये केरळात मलप्पुरम भागात घटसर्प उफाळला तेव्हाही फक्त तान्ह्या मुलांचा आजार नव्हता तो, शाळकरी आणि मोठी मुलं होती.

यातून काय कळतं तर तान्हेपणीच्या तीन डोसांनी आयुष्यभराचं काम होत नाही. दीड-दोन वर्षांचा बूस्टर, पाच-सहा वर्षांचा दुसरा बूस्टर, मग १० आणि १६ ला टीडी (धनुर्वात-घटसर्पाची लस). पहिले तीन डोस आई जीव तोडून पूर्ण करते, पाचव्या वर्षीचा बूस्टर शाळेच्या ॲडमिशनच्या गडबडीत हमखास राहतो. कुठल्या वयात केसेस येतायत हे कळवणाऱ्यांनी नीट लिहिलं तरच दिसतं की भोक कुठे आहे.

नवजात धनुर्वात तर संपला ना?

देशपातळीवर २०१५ मध्ये निर्मूलन झाल्याची मान्यता मिळाली, पण निर्मूलन म्हणजे इथे प्रत्येक जिल्ह्यात १००० जिवंत जन्मांमागे १ पेक्षा कमी केस, शून्य नव्हे. जिवाणू मातीत आहे, तो कुठे जाणार. आणि हा आजार माणसाकडून माणसाला होत नाही त्यामुळे आजूबाजूच्या सगळ्यांनी लस घेतली म्हणून तुमचं बाळ वाचेल असंही नाही. प्रत्येक गरोदर बाईला टीडी हवीच. मेळघाट, धडगाव, भामरागड असल्या भागांत घरी बाळंतपणं अजून होतात, नाळेला राख-शेण लावणं कुठेतरी असतंच. ओळखायचं असं: पहिले दोन दिवस बाळ नीट प्यायलं, रडलं, आणि तिसऱ्या ते अठ्ठाविसाव्या दिवसात चोखणं बंद, अंग ताठ, झटके. लॅबची टेस्ट नाही, आमचा काही रोल नाही, आशाताईने ओळखलं तर ओळखलं.

टायफॉइडची लस सरकारी का नाही?

नवी मुंबईत दिली ना! २०१८ मध्ये नवी मुंबई महापालिकेने ९ महिने ते १४ वर्षांच्या मुलांना टायफॉइडची कॉन्ज्युगेट लस मोहीम काढून दिली, एक लाखाच्या वर मुलं, सरकारी पातळीवर ही लस देण्याची जगातली पहिली मोहीम. शहराच्या काही भागात आधी आणि काही भागात नंतर असं ठरवलेलं, त्यामुळे दोन्हीकडच्या हॉस्पिटलांत ताप आलेल्या मुलांचं ब्लड कल्चर करून तुलना करता आली. कल्चर हा शब्द महत्त्वाचा. गल्लीतल्या लॅबचा "विडाल पॉझिटिव्ह" (टायफॉइडची साधी रक्ताची टेस्ट) धरून मोजणी केली असती तर लस काम करते का नाही हे कधीच कळलं नसतं, विडाल कशानेही पॉझिटिव्ह येते. कल्चरसुद्धा बऱ्याच खऱ्या केसेस चुकवतं, पण जी देतं ती पक्की.

खासगीतली "पेनलेस" त्रिगुणी लस घेतली, चालेल ना?

चालेल. ताप आणि सूज कमी. पण डांग्या खोकल्याविरुद्धचं संरक्षण जुन्या त्रिगुणीच्या तुलनेत लवकर ओसरतं, म्हणून बूस्टर वेळेवर. फॉर्म भरताना कोणती लस घेतली तेही सांगा, फाइल बघून सांगा.

ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांचं काय करायचं? ती ना इथे असतात ना तिथे.

दिवाळीच्या आसपास बीडकडून टोळ्या निघतात, मार्च-एप्रिलला परत. बाळाचा तिसरा पेंटा (पाच आजारांवरची एकत्र लस) कारखान्याच्या गावात पडतो आणि कार्ड मूळ गावी पत्र्याच्या पेटीत. मूळ गावच्या नर्सबाईच्या रजिस्टरमध्ये मूल "बाहेरगावी", कारखान्याच्या गावात "आमच्या यादीत नाही". वीटभट्टीवर तेच. टक्केवारी काढताना अशी मुलं छेदातूनच गायब होतात, म्हणून गावाचं लसीकरण ९५ टक्के दिसतं आणि केस नेमकी खोपीतून येते. आशाताईंनी एक करावं, फडावर गेल्यावर नाव-गाव न विचारता आधी कार्ड विचारावं, नसेल तर यू-विनवर (लसींची सरकारी ऑनलाइन नोंद) आईच्या मोबाइल नंबरवरून बघावं. डोस कुठल्याही गावात मिळतो, रहिवासी दाखला लागत नाही.

कार्ड हरवलं. फॉर्मवर काय सांगू?

"माहीत नाही" सांगा. लोकांना वाटतं लस नाही म्हटलं तर सिस्टर रागावेल, म्हणून "सगळे झाले" म्हणतात आणि तो आकडा मग वर जाऊन लसीच्याच नावाने वाईट दिसतो. उपकेंद्राचं रजिस्टर, यू-विन, खासगी डॉक्टरची फाइल, जे मिळेल ते बघू. काहीच पुरावा नसेल तर डोस परत दिले जातात. वर्ष उलटून गेलं आणि पेंटा सुरूच झाला नसेल तर सरकारी कार्यक्रमात त्रिगुणी सात वर्षांपर्यंत मिळते, "आता वय गेलं" म्हणून परत फिरू नका.

मुलाचं नाव पेपरात येईल का?

फॉर्मवर नाव-पत्ता असतो कारण नंतर परत यावं लागतं, स्वॅबचा रिपोर्ट द्यावा लागतो. वर जातात ते आकडे, वय, गाव-तालुका, लसीची माहिती. बातमीदाराला कुणी नाव दिलं तर ती त्या माणसाची चूक, तक्रार करा.

मी खासगी डॉक्टर आहे. कळवलं की टीम येते, पेशंट घाबरतात, दुसरीकडे जातात. आणि केस नसताना दर आठवड्याला "शून्य" कळवायचं म्हणजे तर कमाल आहे.

पेशंट जाण्याची भीती खरी आहे, मी नाकारत नाही. टीमला फोनवर सांगा की आधी मला भेटा, मग घरी जा, आणि आईला तुम्हीच आदल्या दिवशी सांगून ठेवा की माणसं येतील, बहुतेक घरं ऐकतात. शून्याचं म्हणाल तर तुमच्याकडून काहीच आलं नाही तर आम्हाला दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत: केस नव्हती का तुम्ही गावाला गेला होतात. "शून्य" लिहून पाठवलेला कागद हा तुम्ही बघितलंत याचा पुरावा.

कळवायचं कुणाला: शहरात वॉर्डचे आरोग्य अधिकारी, ग्रामीण भागात तालुका आरोग्य अधिकारी, किंवा तुमच्या भागाचे एसएमओ. रात्री-अपरात्री केस आली आणि यातलं कुणी उचलत नसेल तर जवळच्या मेडिकल कॉलेजच्या बालरोग विभागाला फोन करा, पेशंट पाठवा, आणि चिठ्ठीवर अँटिबायोटिक कोणतं, किती वाजता दिलं ते लिहा. तेवढी एक ओळ असली तर आमचं अर्धं काम होतं.